एका लिटरचा धडा

नावावर जाऊ नये, हे वरठीकराला वेगळं सांगावं लागत नाही. ‘भंडारा रोड’ हे रेल्वेस्थानक भंडाऱ्यात नाही, वरठीत आहे. तरीही म्युनिकच्या ऑक्टोबरफेस्टमध्ये वरठीचे प्रस्तुत लेखक ‘बिअर’ या नावावरच गेले. बिअरच तर आहे, म्हणत उपाशीपोटी त्यांनी अर्ध्या तासात एक ग्लास संपवला, दुसरा मागवला. तो निम्मा होतो न होतो, तोच तंबू गरगरू लागला. पुढचे दोन तास प्रथमोपचार केंद्रातल्या खाटेवर गेले. सोबतची मंडळी गर्दीत पांगली होती आणि हॉटेलचं नाव काही केल्या आठवेना.

हिशेब चुकला होता. तिथे बिअर ‘मास’ने देतात. या जर्मन शब्दाचा अर्थच माप, आणि हे माप एक लिटरचं. उत्सवाच्या खास बिअरमध्ये अल्कोहोल साधारण 6 टक्के असतं, म्हणजे एका ग्लासात 60 मिलिलिटर. आपल्याकडच्या व्हिस्कीचे दोन लार्ज पेग घेतले तरी पोटात जातं सुमारे 51 मिलिलिटर!

युवराज लुडविग आणि राजकन्या थेरेसा यांच्या 12 ऑक्टोबर 1810 च्या विवाहसोहळ्यातून हा उत्सव सुरू झाला. आता तो सप्टेंबरातच सुरू होतो. 2023 साली तिथे सुमारे 72 लाख लोक आले. मैदानावर प्रवेश मोफत आहे. पण तंबूत बसायला जागा मिळाल्याशिवाय सहसा बिअर मिळत नाही. 3 लिटरपेक्षा मोठी बॅग आत नेऊ देत नाहीत, म्हणून स्टेशनवरून सामानासकट थेट तिकडे जाऊ नये. आठवण म्हणून टेबलावरचा ग्लास उचलला तर ती चोरी ठरते. ग्लास विकत मिळतो, तो घ्यावा.

प्रत्येक गावाचं माप वेगळं. कोलोनमध्ये क्योल्श ही बिअर 200 मिलिलिटरच्या उभट ग्लासात येते. ग्लास रिकामा झाला की वेटर न विचारता दुसरा ठेवतो आणि खालच्या पुठ्ठ्याच्या चकतीवर पेन्सिलीने एक रेघ ओढतो. पुरे झालं, हे सांगायचं तर तीच चकती ग्लासावर ठेवायची. बेल्जियमची ‘ट्रिपेल’ छोट्या ग्लासात येते, पण तिच्यात 8 ते 9 टक्के अल्कोहोल असतं. मोहाच्या मुलखातल्या माणसाला ‘पहिल्या धारेची’ म्हणजे काय ते कळतं. तीच सावधगिरी इथेही हवी.

तेव्हा आधी पोटभर जेवा, मग टक्के आणि माप विचारा. तहान मोठी असेल तर बिअर आणि लिंबाचं सरबत मिसळलेलं ‘राडलर’ मागा. जर्मनीत भाड्याच्या ई-स्कूटरलाही मोटारीइतकाच दारूचा कायदा लागू आहे, म्हणून परतताना मेट्रो धरा. आणि हॉटेलचा पत्ता मोबाइलच्या भरवशावर न सोडता कागदावर लिहून खिशात ठेवा.