गोळ्या सुरू करायच्या की नाही?

मुलाला डिप्रेशन आहे असं डॉक्टरांनी सांगितलं, चिठ्ठी लिहून दिली आणि तुम्ही ती घेऊन तसेच घरी आलात. वाटेत मेडिकलचं दुकान होतं, पण गाडी थांबवली नाहीत. अशा आईबाबांशी बोलणं हे माझं रोजचं काम आहे. चिठ्ठी पर्समध्ये किंवा शर्टाच्या खिशात तशीच घडी घातलेली असते आणि प्रश्न ठरलेले असतात. सवय लागेल का? जन्मभर घ्याव्या लागतील का? डोकं बधिर होईल का? आणि सगळ्यात शेवटी, आवाज खाली आणून: उद्या लग्न ठरवताना कुणाला कळलं तर?

हा शेवटचा प्रश्न आधी घेते, कारण पुष्कळ घरांत खरा निर्णय त्यावरच होतो. सोळा वर्षांच्या लेकीला आज उठून वेणी घालायचं बळ नाही आणि आपण तिच्या पंचविसाव्या वर्षी येणाऱ्या स्थळांचा विचार करतोय. तो काळजीपोटीच येतो, हे मला कळतं. तरीही कळकळीने सांगते, तो बाजूला ठेवा. औषध द्यायचं की नाही हे आजार किती खोल गेलाय त्यावर ठरू द्या.

म्हणून डॉक्टरांना पहिला प्रश्न हा विचारा: सौम्य आहे, मध्यम आहे की तीव्र? मूल शाळेत जातंय, दोन घास खातंय, एखाद्या मित्राशी बोलतंय, अशी सौम्य अवस्था असेल तर थेट गोळीने सुरुवात करायची गरज नसते. ब्रिटनमध्ये उपचारांचे निकष ठरवणारी 'नाईस' ही संस्थाही हेच सांगते. आधी समुपदेशन, झोपेची घडी बसवणं, हालचाल, आणि थोडं थांबून पुन्हा तपासणी. पण आठवड्यांमागून आठवडे मूल अंथरुणातून उठत नाही, आवडती क्रिकेटची बॅट कोपऱ्यात पडून आहे, 'मी असून काय उपयोग' हे वाक्य पुन्हा पुन्हा येतंय, तर ती गोष्ट वेगळी. अशा मुलाला 'मन रमव, फिरायला जा' असं सांगण्यात अर्थ नाही. रमायला लागणारी ताकदच आजाराने काढून घेतलेली असते. एक लक्षात असू द्या, या वयात उदासीऐवजी चिडचिडही दिसू शकते. आदळआपट करणारा मुलगा उर्मट झालाय असं समजून कितीतरी महिने वाया जातात. थायरॉईड, हिमोग्लोबिन, बी-१२ यांच्या रक्ततपासण्याही करून घ्या, थकव्याचं मूळ कधीकधी तिथे निघतं.

गोळ्यांचा उपयोग होतो का, याचं उत्तर आकड्यांत देता येतं. अमेरिकेत १२ ते १७ वयाच्या, मध्यम ते तीव्र डिप्रेशन असलेल्या ४३९ मुलांचा मोठा अभ्यास झाला, त्याचे पहिले निकाल २००४ साली आले. बारा आठवड्यांनी, फ्लुओक्सेटिन ही डिप्रेशनवरची गोळी आणि सीबीटी म्हणजे विचार-वर्तनावरचं समुपदेशन, अशी दोन्ही मिळालेल्यांपैकी ७१ टक्के मुलं बरीच सुधारली. नुसत्या गोळीवर ६१ टक्के, नुसत्या समुपदेशनावर ४३ टक्के आणि औषध नसलेल्या खोट्या गोळीवर ३५ टक्के. छत्तिसाव्या आठवड्यापर्यंत उपचारांच्या तिन्ही गटांत ऐंशी टक्क्यांहून अधिक मुलं सुधारली होती. मला यातून दिसतं ते असं: गोळी लवकर हात देते, समुपदेशन उशिरा पोचतं पण पोचतं, आणि दोन्ही मिळाली तर उत्तम. मरणाचे विचार येणाऱ्या मुलाकडे मात्र वाट बघायला तेवढा वेळ नसतो.

आता धोक्याबद्दल. तुम्ही इंटरनेटवर वाचलं असेल की या गोळ्यांनीच आत्महत्येचे विचार वाढतात. ही अफवा नाही. २००४ मध्येच अमेरिकेच्या औषध नियामक संस्थेने, एफडीएने, या औषधांवर मुलांसाठी काळ्या चौकटीतला इशारा छापायला लावला आणि २००७ मध्ये तो चोवीस वर्षांपर्यंतच्या तरुणांना लागू केला. औषधांच्या चाचण्यांत गोळी घेणाऱ्या शंभरातल्या सुमारे चार मुलांत असे विचार किंवा तसं वागणं दिसलं, खोटी गोळी घेणाऱ्यांत सुमारे दोघांत. त्या चाचण्यांमध्ये आत्महत्येने एकाही मुलाचा मृत्यू झाला नाही. म्हणजे धोका खरा आहे, पण थोडा आहे, आणि उपचार न केलेल्या तीव्र डिप्रेशनचा धोकाही तितकाच खरा आहे. माझ्या मते या इशाऱ्याचा अर्थ 'देऊ नका' असा नाही. 'सुरुवातीला एकटं सोडू नका' असा आहे.

म्हणून पहिले काही आठवडे आणि डोस बदलल्यावरचे दिवस तुम्ही डोळ्यांत तेल घालून लक्ष ठेवायचं. मळमळ, डोकेदुखी, झोप बिघडणं हे बहुधा आपोआप निवळतं. पण एका जागी बसवत नाही इतकी तगमग, एकाएकी आलेली आक्रमकता, झोप नसतानाही उफाळलेला उत्साह किंवा मरणाची भाषा दिसली, तर पुढच्या अपॉइंटमेंटची वाट न बघता त्याच दिवशी डॉक्टरांना फोन करा. रात्री-अपरात्री टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य सेवेचा १४४१६ हा क्रमांक आहे, तिथे मराठीतही बोलता येतं. जीव धोक्यात वाटला तर मात्र मुलाला घेऊन सरळ रुग्णालय गाठा. स्ट्रिप तुमच्याकडे कुलपात ठेवा, रोजची गोळी रोज द्या. घरातली बाकीची औषधं आणि घरी शेती असेल तर फवारणीची औषधंसुद्धा कुलपात गेली पाहिजेत.

घराण्यात कुणाला बायपोलर आजार असेल, 'काका मधेच फार उधळायचे' अशी कुजबुज असेल, तर ती डॉक्टरांपासून लपवू नका. अशा मुलांत नुसत्या डिप्रेशनच्या गोळीने मन उलट्या टोकाला जाऊ शकतं.

सवयीचं म्हणाल, तर इथे मोठा घोटाळा होतो. अल्प्राझोलाम, क्लोनाझेपाम या शांत करणाऱ्या गोळ्यांची सवय लागू शकते. फ्लुओक्सेटिन किंवा एस्सिटॅलोप्रामची तशी तलफ लागत नाही. मात्र त्या एकदम बंद केल्या तर चक्कर, चिडचिड, विजेचा झटका बसल्यासारखं वाटणं असा त्रास होऊ शकतो, म्हणून त्या हळूहळू कमी करायच्या असतात. चिठ्ठीवर दोन नावं असतील तर कोणती गोळी कशासाठी आणि किती दिवस, हे तिथेच विचारून लिहून घ्या. आणि परिणाम दिसायला दोन ते चार आठवडे, कधी सहा-आठ आठवडेही लागतात. 'आठ दिवस दिली, काही फरक नाही' म्हणून सोडू नका.

एका घरात आई कॅप्सूल उघडून त्यातली पूड मुलाच्या हळदीच्या दुधात घालायची. मुलगा अकरावीत होता आणि आजीला यातलं काही कळू द्यायचं नव्हतं. एका सकाळी त्याला ओट्याच्या कडेला कॅप्सूलचं रिकामं अर्धं टरफल सापडलं. त्यानंतर तो घरचं पाणीसुद्धा स्वतः ओतून घेतल्याशिवाय पीत नसे. औषधापेक्षा त्याचा विश्वास परत मिळवायलाच जास्त वेळ गेला. म्हणून हा निर्णय मुलाला शेजारी बसवून घ्या. डॉक्टरांपुढे त्याला एकट्याने बोलू द्या, तुम्ही बाहेर बसा. तो म्हणाला, 'मला भीती वाटते, मी मी राहणार नाही,' तर त्याला डॉक्टरांकडून नीट उत्तर मिळालं पाहिजे. सुमित्रा भावे-सुनील सुकथनकर यांचा 'कासव' तुम्ही पाहिला नसेल तर पाहा. २०१६ सालच्या चित्रपटांसाठीच्या राष्ट्रीय पुरस्कारांत तो सर्वोत्कृष्ट चित्रपट ठरला. निराशेत बुडालेल्या तरुणाभोवती कोकणातलं एक घर प्रश्नांचा भडिमार न करता नुसतं थांबून राहतं. गोळी सुरू करा वा करू नका, असं थांबणं आपल्याला शिकावंच लागतं. आणि आजीला सांगायचं की नाही, हेही मुलालाच ठरवू द्या.

बरं वाटू लागलं की पहिली घाई गोळी बंद करायची होते. पूर्ण बरं वाटल्यावरही साधारण सहा महिने ते वर्षभर औषध चालू ठेवतात, नाहीतर आजार उलटू शकतो. बंद करायची वेळ डॉक्टरांशी बोलून शांत दिवसांतली निवडा. बारावीची परीक्षा फेब्रुवारी-मार्चमध्ये असेल तर जानेवारीत डोस कमी करायला सांगू नका. परीक्षा होऊ द्या, तो विषय मे महिन्यात काढा.