खुब्याचा ताठरपणा व त्याची परीक्षा

व्यायामाच्या तासास कोणास उकिडवें बसतां आलें नाहीं, किंवा मांडी घालतांना कोणाचे गुडघे उंच राहिले, तर "याचे खुबे आंखडले" असें म्हणून आपण मोकळे होतों. उकिडवें न बसण्यास कित्येकदां घोटाही कारण असतो, पण तें असो. खुब्यांत नेमकें काय आंखडलें, हें पाहिलें पाहिजे.

खुबा हा उखळीचा सांधा. मांडीच्या हाडाचें वाटोळें डोकें कटीच्या हाडांतील खोलगट वाटींत फिरतें. त्याची एक सोपी परीक्षा लिव्हरपूलचे ह्यू ओवेन थॉमस (१८३४-१८९१) यांनीं घालून दिली. यांचें घराणें पिढीजात हाडवैद्यांचें. खुब्याच्या क्षयाचे रोगी त्यांनीं पुष्कळ पाहिले होते. टणक मेजावर उताणें निजावें, दोन्ही गुडघे छातीशीं घ्यावे, मग एक तसाच धरून दुसरा पाय सैल सोडावा. सोडलेली मांडी मेजास टेकली तर ठीक; अधांतरीं राहिली तर त्या खुब्याच्या पुढील बाजूस आंखूडपणा आहे. धरलेला गुडघा मात्र सोडूं नये. तो सोडतांच कंबर कमानीसारखी उचलते, मांडी टेकते, आणि खुब्याचें उणें कंबर झांकून टाकते.

आतां कारणें. दिवसभर बाकावर बसून सांधा पूर्ण सरळ करण्याची संवय मोडते, हें एक. परंतु वाटीची खोली व मांडीच्या हाडाच्या मानेचा कोन प्रत्येकाचा निराळा असतो, आणि हाडाची घडण ताण देऊन पालटत नाहीं. म्हणून मुलाच्या गुडघ्यांवर दाब देऊन त्याची मांडी घालविणें मला मुळींच मान्य नाहीं.

याहून गंभीर कारण एक आहे. सुमारें १० ते १६ वर्षांच्या वयांत मांडीच्या हाडाचें डोकें वाढीच्या कूर्चेवरून सरकूं शकतें. दुखतें पुष्कळदां मांडींत किंवा गुडघ्यांत, आणि घरचीं माणसें गुडघ्यासच तेल चोळीत बसतात! असा मुलगा लंगडतो, त्याचें पाऊल बाहेर वळलेलें असतें, आणि निजवून त्याची मांडी पोटाकडे वांकविली तर ती आपोआप बाहेर वळते. येथें ताण, मालीश, कवाईत सर्व बंद. त्यास पायावर भार देऊं न देतां गाडींतून त्याच दिवशीं दवाखान्यांत न्यावें, व गुडघ्याचें नव्हे तर दोन्ही खुब्यांचें क्ष-किरण चित्र घेण्यास डॉक्टरांस सांगावें.