वजनाच्या शस्त्रक्रियेनंतरचे दुखणे: गोळी कोणती, खर्च किती

वजन कमी करण्याची शस्त्रक्रिया करून घ्यायला धर्मापुरीहून तुम्हाला पुणे, मुंबई किंवा छत्रपती संभाजीनगरसारखे मोठे शहर गाठावे लागेल. दुखणे मात्र गावी परतल्यावर सोसायचे आहे. म्हणून तयारी निघण्याआधीच करा.

खासगी रुग्णालयाचे पॅकेज साधारण अडीच ते पाच लाखांचे असते. त्यात काय आले, ते लेखी घ्या. स्टेपलरची काडतुसे, भूलतज्ज्ञाची फी, वेदना कमी करणारे ‘ब्लॉक’ इंजेक्शन, आयसीयूचा जादा दिवस, वॉर्डातली औषधे, नंतरच्या तपासण्या: बिल इथेच फुगते. ‘सगळं आलं त्यात’ हे तोंडी उत्तर चालवून घेऊ नका. दरपत्रक दर्शनी भागात लावणे रुग्णालयाला बंधनकारक आहे. औषधे तिथल्याच दुकानातून घेण्याची सक्ती नाही.

विम्यासाठी बीएमआय (उंचीच्या मानाने वजनाचा आकडा) किमान 40 लागतो. अनियंत्रित मधुमेह, हृदयविकार किंवा झोपेत श्वास अडकण्याचा गंभीर त्रास असेल तर 35. सर्जनचे पत्र, उंची-वजनाची नोंद, आधी केलेल्या आहार-उपचारांचे कागद जोडा आणि पूर्वमंजुरी हातात पडल्यावरच दाखल व्हा. महात्मा फुले जनआरोग्य योजनेची आशा असेल तर रेशनकार्ड आणि आधार घेऊन आधी योजनेच्या आरोग्यमित्राला विचारा.

आता घरचे दिवस. खांदा दुखतो तो दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेत पोटात भरलेल्या वायूमुळे. दोन-तीन दिवसांत, चालत-फिरत राहिलात तर लवकर, कमी होतो. जखमेच्या दुखण्याला बहुतेकांना पॅरासिटामॉल पुरते. 650 मिलिग्रॅमची गोळी, सहा तासांच्या अंतराने, दिवसाला चारच्या वर नको; यकृताला चरबी किंवा सूज असेल तर डॉक्टर सांगतील तेवढीच. सुरुवातीला गोळी कुटून घ्यायची की सिरप, तेही विचारून ठेवा. पंधरा गोळ्यांची पट्टी तीसएक रुपयांना मिळते, जनऔषधी केंद्रात आणखी स्वस्त. ट्रामाडॉल चिठ्ठीशिवाय घेऊ नका. गुंगी येते, बद्धकोष्ठ होतो.

खरा धोका मेडिकलच्या काउंटरवर आहे. ‘अंगदुखीची द्या’ म्हणालात की पट्टीतून दोन गोळ्या कात्रीने कापून मिळतात आणि घटकांची नावे उरलेल्या तुकड्यावर राहतात. पूर्ण पट्टी मागा, वाचा. आयबुप्रोफेन, डायक्लोफिनॅक, अ‍ॅसिक्लोफिनॅक, नॅप्रोक्सेन, निमेसुलाइड यांपैकी काही दिसले तर परत करा. कॉम्बिफ्लाम, व्होवेरान, झेरोडॉल-पी यांत हेच असते. यांनी पोटात, विशेषतः जठराच्या बायपास शस्त्रक्रियेतल्या जोडावर, अल्सर होऊ शकतो. तो फुटला तर पुन्हा शस्त्रक्रिया. ‘सुई घेतली तर पोटाला बाधत नाही’ हे खोटे आहे. औषध रक्तातून पोचते आणि तेच नुकसान करते. हृदयासाठी अ‍ॅस्पिरिन चालू असेल तर मनाने बंद करू नका, सर्जनला विचारा.

पुढची लक्षणे दिसली तर गोळी घेऊन वाट पाहू नका: वाढत जाणारी पोटदुखी, ताप, शांत बसूनही नाडी शंभराच्या वर, दम लागणे, एका पोटरीला सूज, शौचास काळी होणे. 108 लावा, रुग्णवाहिका मोफत आहे. जवळचे मोठे सरकारी ठिकाण म्हणजे अंबाजोगाईचे स्वामी रामानंद तीर्थ रुग्णालय. तिथल्या डॉक्टरांना पहिल्याच वाक्यात शस्त्रक्रियेचे नाव आणि तारीख सांगा. काही महिन्यांनी उजव्या बरगडीखाली कळ आली तर पित्ताशयातल्या खड्यांसाठी सोनोग्राफी करून घ्या. वजन झपाट्याने उतरताना ते होतात.

डिस्चार्ज कार्डाचा फोटो आणि सर्जनचा नंबर तुमच्या आणि घरातल्या आणखी एकाच्या मोबाइलमध्ये ठेवा.