बॅकअपचं पार्टिशन डिफ्रॅग करायचं का? आधी खर्च मोजा

संगणक मंद झाला म्हणून सर्व्हिसिंगला दिला की सगळी पार्टिशनं एकदा डिफ्रॅग करून घ्या, असा सल्ला हमखास मिळतो. त्यात बॅकअपचं पार्टिशनही येतं. तिथे मात्र हो म्हणण्याआधी थांबा. बॅकअप एसएसडीवर असेल तर डिफ्रॅग करूच नका. फिरत्या तबकडीच्या हार्ड डिस्कवर असेल तरी बहुतेकांना त्याची गरज नसते.

फायदा किती?

डिस्कवर सलग जागा मिळाली नाही की फाइलचे तुकडे होतात; डिफ्रॅग ते तुकडे जोडतं. एका तुकड्यावरून दुसऱ्यावर जायला हेडला साधारण १५ मिलिसेकंद लागतात. सेकंदाला १०० एमबी वाचणाऱ्या डिस्कला ६४ एमबीचा एक तुकडा वाचायला ६४० मिलिसेकंद लागतात. म्हणजे तुकडे झाल्याने वाया जाणारा वेळ जेमतेम दोन-अडीच टक्के. म्हणूनच व्हिस्टापासून विंडोजचं डिफ्रॅग ६४ एमबीपेक्षा मोठे तुकडे जोडायच्या फंदात पडत नाही. बॅकअपच्या इमेज फाइली आणि लग्नाचे व्हिडिओ यांचे तुकडे सहसा मोठेच असतात. शिवाय या फाइली रोज उघडल्या जात नाहीत, त्यामुळे वेग वाढला तरी तो कुणाला जाणवणार नाही.

खर्च काय येतो?

- सॉफ्टवेअर: शून्य. विंडोजमधलं ‘ऑप्टिमाइझ ड्राइव्ह्ज’ पुरेसं आहे. वेगळं विकत घेऊ नका.
- वेळ: १ टीबी डेटा सेकंदाला १०० एमबी वेगाने नुसता एकदा वाचायलाच पावणेतीन तास लागतात. डिफ्रॅगमध्ये तो वाचून पुन्हा लिहावा लागतो आणि हेडची धावपळ वेगळी. खूप तुकडे झालेल्या भरलेल्या डिस्कला रात्र पुरत नाही.
- वीज: डेस्कटॉप आणि ड्राइव्ह मिळून १०० वॉट धरले तर १० तासांना १ युनिट. हा खर्च किरकोळ आहे.
- झीज: वर्षभरात शांतपणे थोडंसं काम करणारी डिस्क एका रात्रीत तासन् तास राबवली जाते. आधीच कुरकुरणारी डिस्क याच वेळी बंद पडू शकते. मग डेटा रिकव्हरीचं बिल हजारांत जातं आणि हेड बदलायची वेळ आली तर ते पाच आकड्यांत जाऊ शकतं. तेवढं करूनही फाइली परत मिळतील याची हमी नसते.

न दिसणारे तीन तोटे

पहिला तोटा जुन्या आवृत्त्यांचा. विंडोजचा सिस्टिम इमेज बॅकअप आधीच्या आवृत्त्या ‘शॅडो कॉपी’ म्हणून त्याच ड्राइव्हवर ठेवतो. एनटीएफएसचं क्लस्टर (जागेचा सर्वांत लहान गठ्ठा) नेहमीच्या ४ केबीचं असेल तर डिफ्रॅगमधली हलवाहलवी या यंत्रणेला नवा बदल वाटते. राखीव जागा भरते आणि सर्वांत जुन्या आवृत्त्या पुसल्या जातात. मायक्रोसॉफ्ट अशा ठिकाणी किमान १६ केबीचं क्लस्टर ठेवायला सांगतं ते यासाठीच.

दुसरा तोटा मूळ ड्राइव्हकडून येतो. फक्त बदललेले ब्लॉक उचलणारं इमेज सॉफ्टवेअर वापरत असाल, तर मूळ ड्राइव्ह डिफ्रॅग केल्यावर पुढचा ‘छोटा’ बॅकअप अचानक फुगतो. तिथे डिफ्रॅग करायचंच असेल तर पूर्ण बॅकअपच्या आधी करा.

तिसरा तोटा एसएमआर डिस्कचा. बऱ्याच पोर्टेबल ड्राइव्ह याच प्रकारच्या असतात आणि त्यांत डेटा लिहायचे ट्रॅक एकमेकांवर चढवलेले असतात. तिथे थोडं बदलायलाही आजूबाजूचं बरंच पुन्हा लिहावं लागतं, त्यामुळे डिफ्रॅग रेंगाळत राहतं.

मग करायचं कधी?

त्याच पार्टिशनवर रोज लहान-मोठे बदल होत असतील, उदाहरणार्थ हिशेबाच्या फाइली किंवा जुने बॅकअप पुसून नवे घेणं, आणि बॅकअप घेण्याचा वेग स्पष्टपणे घसरला असेल, तरच. तेव्हाही क्रम पाळा:

१. डेटाची दुसरी प्रत दुसऱ्या डिस्कवर आहे याची खात्री करा.
२. क्रिस्टलडिस्कइन्फोसारख्या मोफत साधनाने डिस्कची तब्येत पाहा. इशारा दिसला तर डिफ्रॅग विसरा, आधी प्रत काढा.
३. ‘अ‍ॅनालाइज’ दाबून तुकड्यांचं प्रमाण बघा.
४. पार्टिशन काठोकाठ भरलेलं असेल तर आधी जागा करा.
५. वीज जाण्याची शक्यता असेल तर यूपीएसशिवाय सुरू करू नका. चालू असताना केबल काढू नका.

दोन बॅकअप डिस्क असतील तर याहून सोपा मार्ग आहे: एक डिस्क जपून ठेवा, दुसरी फॉरमॅट करा आणि तिच्यावर ताजा पूर्ण बॅकअप घ्या. फाइली जवळजवळ सलग लिहिल्या जातात. एकुलती एक प्रत मात्र कधीही फॉरमॅट करू नका.

विंडोज १० आणि ११ मध्ये ऑप्टिमायझेशन दर आठवड्याला आपोआप चालतं. ‘ऑप्टिमाइझ ड्राइव्ह्ज’च्या ‘चेंज सेटिंग्ज’मध्ये ‘चूझ’वर जाऊन बॅकअपच्या पार्टिशनवरची खूण काढा. एसएसडीवरची खूण राहू द्या; तिथे विंडोज डिफ्रॅगऐवजी मुख्यतः ट्रिम करतं (पुसलेल्या फाइलींची जागा मोकळी झाल्याचं एसएसडीला कळवतं) आणि ते हवंच.

पैसे खर्च करायचे तर इथे करा

बॅकअप ‘डी’ ड्राइव्हवर आहे म्हणून निर्धास्त असणारी कितीतरी घरं आणि दुकानं आहेत. सी आणि डी एकाच डिस्कचे दोन भाग असतील तर डिस्क गेली की दोन्ही जातात. डिफ्रॅगने यात काही फरक पडत नाही. १ टीबीचा पोर्टेबल ड्राइव्ह गेल्या काही वर्षांत साधारण ४ ते ६ हजारांत मिळत आला आहे. सर्व्हिसिंगवर पैसे घालण्याआधी तो घ्या. मुलांचे फोटो, जमिनीच्या कागदांच्या प्रती, धंद्याचे हिशेब असं सगळं त्यावर उतरवा आणि तो शक्यतो दुसऱ्या घरी ठेवा.

आणि दर तीन महिन्यांनी बॅकअपमधल्या चार-पाच फाइली दुसऱ्या संगणकावर परत घेऊन उघडून बघा. अर्ध्या तासाचं काम आहे, पण बॅकअप खरोखर उपयोगी आहे की नाही हे त्यातूनच कळतं.