तेलावर उभी राहणारी मोटार

बैलगाडीत बसून खडीच्या रस्त्याने गेला आहात ना? मग हादरा म्हणजे काय, ते तुम्हाला सांगायला नको. चाक खड्ड्यात गेलं, की तो हादरा थेट आपल्या मणक्यात येतो. चाक आणि गाडीचे अंग यांच्यामध्ये लवणारे असे काहीच नसते.

मोटारीत याला उपाय केलेला असतो. ट्रकच्या खाली वाकून पाहा. एकावर एक बांधलेले पोलादी पाटे दिसतील. लहान मोटारीत वेटोळ्याची स्प्रिंग असते. खड्डा आला की पाटा लवतो आणि पुन्हा सरळ होतो. पण पाट्याचा एक दोष आहे. ओझे चढले की तो दबून बसतो. मागे माणसे बसली, सामान भरले, की मोटारीची शेपूट खाली जाते आणि पुढचे दिवे आभाळाकडे पाहू लागतात.

ओझे असो वा नसो, मोटार एकाच उंचीवर ठेवता येईल का?

फ्रान्स देशात सिट्रोएन नावाचा मोटारींचा कारखाना आहे. तेथे पॉल माजेस नावाचा एक माणूस काम करी. त्याच्याजवळ इंजिनिअरची पदवी नव्हती. कोवळ्या वयात तो नोकरीला लागला आणि काम करता करता शिकत गेला. या प्रश्नाचे उत्तर त्याने शोधले. १९५४ साली कारखान्याने एका मोटारीच्या फक्त मागच्या चाकांना ही नवी रचना बसवली. मग ऑक्टोबर १९५५ मध्ये पॅरिसच्या प्रदर्शनात ‘डी. एस. १९’ ही मोटार आली. तिच्या चारही चाकांना ही रचना होती. फ्रेंच भाषेत ही अक्षरे ‘देएस’ अशी म्हणतात, आणि त्या शब्दाचा अर्थ होतो देवी! ही मोटार १९७५ पर्यंत निघत होती. आजही हौशी लोक ती जपून वापरतात.

तेल ओझे कसे उचलते?

दोन पिचकाऱ्या घ्या. एक बारीक, एक जाड. दोघींची तोंडे एका नळीने जोडा आणि आत तेल भरा. आता बारीक पिचकारीचा दट्ट्या दाबा. जाड पिचकारीचा दट्ट्या वर येईल. जाड दट्ट्याचे तोंड दहा पट मोठे असेल, तर तो दहा पट ओझे उचलील. मात्र फुकट काही मिळत नाही. बारीक दट्ट्या दहा बोटे खाली गेला, तर जाड दट्ट्या एकच बोट वर येतो. हा नियम पास्कल नावाच्या फ्रेंच पंडिताने सतराव्या शतकात मांडला.

आता मोटारीत पाहू. इंजिन सुरू झाले की एक पंप फिरतो. तो टाकीतले तेल ओढतो आणि मोठ्या दाबाने नळ्यांत ढकलतो. हा दाब किती? मोटारीच्या टायरमधल्या हवेच्या दाबापेक्षा सत्तर-ऐंशी पट!

प्रत्येक चाकापाशी एक पोलादी गोळा असतो, नारळाएवढा. त्याच्या आत रबरी पडदा असतो. पडद्याच्या एका बाजूला नत्र वायू कोंडलेला, दुसऱ्या बाजूला तेल. चाक दगडावर चढलं, की तेल पडद्याला रेटते. वायू दबतो आणि पुन्हा फुगतो. हीच त्या मोटारीची स्प्रिंग.

आणि उंची? पुढे एक आणि मागे एक अशा दोन झडपा असतात. ओझे चढले, मोटार खाली बसली, की एक दांडी झडपेला ढकलते. झडप उघडते, जादा तेल आत येते आणि मोटार वर उचलली जाते. ओझे उतरले, की जादा तेल टाकीत परत जाते. झडप मुद्दाम सावकाश चालणारी केलेली असते. म्हणून ती प्रत्येक खड्ड्याला उत्तर देत बसत नाही. खड्ड्याचे काम वायूचे, ओझ्याचे काम तेलाचे. अशी ही वाटणी आहे.

चालकाजवळ एक दांडा असतो. तो फिरवला की मोटार हवी तितकी उंच किंवा खाली करता येते. सकाळी इंजिन सुरू केले, की ही मोटार बसलेला उंट उठावा तशी उठते.

निगा कशी राखावी?

पहिली गोष्ट तेलाची. इंजिन चालू ठेवावे आणि मोटार सर्वांत उंच करावी. मगच टाकीवरची खूण पाहावी. मोटार खाली असताना पाहिले तर तेल जास्त दिसते आणि आपण फसतो.

दुसरी गोष्ट स्वच्छतेची. टाकीतली गाळणी काढून पेट्रोलने धुवावी आणि हवेने फुंकून साफ करावी. धागे सुटणारी चिंधी वापरू नये. झडपा इतक्या घट्ट बसवलेल्या असतात, की धुळीचा कणही त्यांना अडवतो.

तिसरी गोष्ट सर्वांत महत्त्वाची. तेल कोणते? पहिल्या मोटारींत जे तेल होते, ते हवेतले पाणी शोषून घेई. त्यामुळे आतले भाग गंजत. १९६६ च्या सुमारास कारखान्याने नवे खनिज तेल आणले. त्याचे नाव एल. एच. एम. आणि रंग हिरवा. आधीच्या तेलाचे नाव एल. एच. एस. आणि रंग तांबडा. दोन्ही तेलांची रबरे वेगवेगळी. तांबड्याच्या जागी हिरवे किंवा हिरव्याच्या जागी तांबडे ओतले, की रबर फुगते, मऊ पडते आणि जागोजाग गळती लागते. या मोटारीचे ब्रेकही त्याच तेलावर चालतात. म्हणजे चूक डब्याची, पण धोका जिवाला!

बिघाड कसा ओळखावा?

मोटार उठतच नाही? आधी तेल पाहा. मग पंपाचा पट्टा पाहा. मग गाळणी.

मोटार बैलगाडीसारखी आपटते? चाकापाशी उभे राहून अंग जोराने दाबा. ते लवत नसेल, तर त्या गोळ्यातला वायू गेला आहे.

इंजिन चालू असता दर दोन-चार सेकंदांनी ‘टक्, टक्’ असा आवाज येतो? मग दाबाचा साठा करणारा मुख्य गोळा रिकामा झाला आहे, किंवा कोठे तरी तेल गळत आहे.

फक्त पुढचीच किंवा मागचीच बाजू वर-खाली राहते? त्या झडपेची दांडी चिखलाने किंवा गंजाने अडकली असेल. ती साफ करावी.

गोळा बदलताना क्रम चुकवू नये. मोटार उंच करून तिच्याखाली भक्कम लोखंडी घोड्या लावाव्या. मग दांडा खाली करून मोटारीचे अंग घोड्यांवर टेकवावे. इंजिन बंद करावे. दाब सोडण्याचा स्क्रू एक फेरा सैल करून सर्व दाब उतरू द्यावा. मगच गोळ्याला हात लावावा. नवा गोळा बसवताना रबरी कडी नवी घ्यावी, तिला तेच तेल लावावे, आणि गोळा हातानेच आवळावा. स्क्रू पुन्हा आवळून इंजिन सुरू करावे. मग गळती आणि तेलाची खूण तपासावी. गोळ्यात नत्र वायूच भरतात. साधी हवा भरू नये. दाबाखाली हवेतला प्राणवायू आणि तेल एकत्र आले तर स्फोट होऊ शकतो.

दोन गोष्टी कधीही करू नका. बारीक गळती बोटाने चाचपू नका. इतक्या दाबाची धार कातडीतून आत शिरते. पुठ्ठा धरून पाहा. आणि घोड्या लावल्याशिवाय नुसत्या तेलाच्या भरवशावर मोटारीखाली कधीही जाऊ नका. दाब ओसरला की ती खाली येते. येताना ती हाक मारत नाही.

आपल्याला याचे काय?

कोणी म्हणेल, “गुरुजी, ही फ्रान्सची मोटार. ती आपल्या गावात कशाला येईल?” बरोबर आहे. पण तेलाचा हा नियम आपल्या गावात केव्हाच आला आहे. ट्रॅक्टरची ट्रॉली तेलावरच उचलते. उचललेल्या ट्रॉलीखाली भक्कम टेकू दिल्याशिवाय शिरू नये. जीपचा जॅक तेलावर चालतो. बसचा टायर बदलताना नुसत्या जॅकवर विसंबू नये. जीपचा आणि काही मोटारसायकलींचा ब्रेकही तेलावर चालतो. ब्रेकच्या टाकीत इंजिनचे तेल ओतले, तर तेथेही रबर फुगते. मग उतारावर पाय दाबला, तरी ब्रेक लागत नाही.

डबे सारखेच दिसतात. रंगावर जाऊ नका. दुकानदार म्हणतो म्हणून घेऊ नका. ब्रेकच्या टाकीच्या झाकणावर कोणते तेल हवे ते लिहिलेले असते. ‘डॉट ३’ किंवा ‘डॉट ४’ अशी ती अक्षरे असतात. तीच अक्षरे डब्यावर आहेत का, ते पाहा. अक्षर न् अक्षर जुळवा. आज आपण जी अक्षरे गिरवतो आहोत, ती याच कामाला येतात.

प्रश्न

१. ओझे चढले तरी ही मोटार खाली का बसून राहत नाही?
२. तेलाची खूण पाहताना मोटार उंच का करावी?
३. गोळा काढण्यापूर्वी कोणत्या गोष्टी कराव्या? क्रमाने लिहा.
४. आपल्या गावात तेलाच्या दाबावर चालणारी यंत्रे कोणती? तीन नावे लिहा.
५. घरातील किंवा शेजारच्या वाहनाच्या ब्रेकच्या झाकणावर काय लिहिले आहे? वाचून वहीत उतरवा.