अडलं तर जोर लावू नका : क्रमाचा एक धडा



"सर, क्रमानेच का करायचं?" असं मुलं विचारतात. त्यांना हे उदाहरण सांगा. अमेरिकेत काहीजण पिकअप ट्रकला जुना ऑटोमॅटिक गिअरबॉक्स घरीच बसवतात. त्याचा क्रम असा :

१. बॅटरीची वायर काढा. ट्रक पक्क्या जमिनीवर, स्टँडवर ठेवा. नुसत्या जॅकवरच्या गाडीखाली कधीच जाऊ नका. गिअरबॉक्स ५० किलोहून जड असतो, तो ट्रान्समिशन जॅकवर बांधून घ्या.

२. कूलरच्या नळ्या धुवा. नाहीतर आधीचा कचरा या गिअरबॉक्समध्ये शिरतो.

३. टॉर्क कन्व्हर्टर फिरवत फिरवत आत सरकवा. तो टप्प्याटप्प्याने बसतो.

४. गिअरबॉक्सचं तोंड इंजिनाला हातानेच टेकलं पाहिजे. बोल्ट आवळून ओढलंत तर आतला पंप फुटू शकतो आणि बाहेरून काहीच दिसत नाही!

५. कन्व्हर्टर मोकळा फिरतोय ना, हे बघूनच पुढचे बोल्ट लावा. शेवटी कंपनीने सांगितलेलंच तेल भरा.

आपल्याकडेही तेच. पाढे पक्के नसताना भागाकार रेटला, की मुलाच्या मनात गणिताची भीती बसते. तीही बाहेरून दिसत नाही. अडलं की एक पायरी मागे या. बघा, पटतंय का?