हातची बॅग : सात किलोचा हिशेब घरीच करा

मालवण, वेंगुर्ला, सावंतवाडी, बांदा या भागातील आपले व्यापारी आणि कारागीर बांधव पूर्वी मुंबईला एस.टी.ने जात. १९९८ मध्ये कोकण रेल्वे पूर्ण झाली आणि रेल्वेची सोय झाली. रेल्वेतही सामानाला मर्यादा आहे. दुसऱ्या वर्गात ३५ किलो, स्लीपर वर्गात ४० किलो सामान मोफत नेता येते. पण डब्यात चढताना सहसा कोणी काटा घेऊन उभा नसतो. त्यामुळे गोणी गाडीत चढली की काम झाले, अशी आपल्याला सवय लागली आहे.

आता दिवस बदलले आहेत. ९ ऑक्टोबर २०२१ रोजी चिपी-परुळे येथील सिंधुदुर्ग विमानतळाचे उद्घाटन झाले. ५ जानेवारी २०२३ पासून बांद्याजवळच्या मोपा विमानतळावरून उड्डाणे सुरू झाली. ऑर्डर घेण्यासाठी, प्रदर्शनासाठी किंवा आखाती देशात कामासाठी विमानाने जाणारे बांधव वाढत आहेत. मात्र एस.टी.ची सवय विमानतळावर नेली, तर भुर्दंड बसतो आणि कधी कधी धंदाही बुडतो. म्हणून या विषयाची माहिती आम्ही येथे देत आहोत.

नियम काय आहे?

विमान प्रवासात सामान दोन प्रकारचे असते. एक काउंटरवर देऊन विमानाच्या पोटात जाणारे, ज्याला चेक-इन सामान म्हणतात. दुसरे आपल्याबरोबर आत नेण्याचे, म्हणजे हातची बॅग. भारतातील साध्या वर्गाच्या प्रवाशाला सर्वसाधारणपणे एक हातची बॅग आणि ७ किलो वजन एवढीच परवानगी असते. लहान विमानात ही मर्यादा याहूनही कमी असू शकते, कारण तेथे डोक्यावरचे कप्पे अरुंद असतात.

वजनाइतकेच माप महत्त्वाचे आहे आणि येथेच पुष्कळ जण फसतात. लांबी, रुंदी आणि जाडी यांची बेरीज ११५ सेंटिमीटर, हे अनेकांना ठाऊक असते. पण नुसती बेरीज जुळून भागत नाही. एअर इंडिया ५५, ४० आणि २० सेंटिमीटर असे माप सांगते. आखातात जाणारी एमिरेट्स ५५, ३८ आणि २२ सांगते. दोन्हींची बेरीज ११५ च येते. तरीही २२ सेंटिमीटर जाडीची बॅग २० च्या चौकटीत बसणार नाही. चाके, मूठ आणि बाहेरचे खिसेही मापात धरतात. कंपन्या नियम बदलतात, म्हणून प्रत्येक वेळी तिकिटावर छापलेली मर्यादा वाचावी.

सक्ती का वाढली?

पहिले कारण जागेचे. सर्वांनीच मोठ्या बॅगा आत आणल्या, तर कप्पे भरतात आणि विमान सुटायला उशीर होतो. दुसरे कारण पैशाचे. अमेरिकेतील स्पिरिट या कंपनीने २०१० मध्ये कप्प्यात ठेवण्याच्या बॅगेलाही पैसे लावले. युरोपातील रायनएअरने २०२५ मध्ये मापाबाहेरची बॅग पकडणाऱ्या कर्मचाऱ्याचा बक्षीस-भत्ता दीड युरोवरून अडीच युरो केला. भारतात नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने २०२१ मध्ये चेक-इन सामान न नेणाऱ्या प्रवाशाला तिकिटात सूट देण्याची मुभा कंपन्यांना दिली. स्वस्त तिकिटासाठी लोक सगळे हातच्या बॅगेत कोंबू लागले, तर दारावरची तपासणी कडक होणारच.

प्रवाशाची बाजूही अगदी दुबळी नाही. युरोपीय न्यायालयाने २०१४ मध्ये सांगितले की, वाजवी वजन-मापाची हातची बॅग हा प्रवासाचाच भाग आहे, तिला वेगळे पैसे लावू नयेत. याच मुद्द्यावर स्पेन सरकारने २०२४ मध्ये पाच कंपन्यांना मिळून सुमारे १७ कोटी ९० लाख युरो दंड केला. कंपन्यांनी त्याविरुद्ध दाद मागितली. पण 'वाजवी' या शब्दाकडे लक्ष द्यावे. मर्यादेबाहेरच्या बॅगेची बाजू तेथेही कोणी घेतलेली नाही.

एक उदाहरण

समजा, सावंतवाडीचा एक कारागीर लाकडी खेळण्यांचे नमुने घेऊन मुंबईच्या घाऊक व्यापाऱ्याकडे निघाला आहे. त्याची चाकाची बॅग रिकामीच ३ किलोची. त्यात कपडे २ किलो, नमुने अडीच किलो, चार्जर आणि कागदपत्रे अर्धा किलो. एकूण ८ किलो झाले. दारावर बॅग काट्यावर ठेवली, तर एक किलो जास्त. तेथे जादा पैसे भरावे लागतील, नाहीतर बॅग पोटात जाईल. ठोकर बसून खेळण्याचा रंग उडाला, तर व्यापाऱ्यापुढे ठेवायचे काय?

त्याच कारागिराने ८०० ग्रॅमची कापडी बॅग घेतली असती, तर तेच सामान ५ किलो ८०० ग्रॅम भरले असते. म्हणजे दोष नमुन्यांचा नव्हता, रिकाम्या बॅगेचा होता.

काय कोठे ठेवावे?

पटाशी, करवत, हातोडी, पक्कड, स्क्रूड्रायव्हर ही हत्यारे हातच्या बॅगेत चालत नाहीत. ती चेक-इन सामानात, धार झाकून द्यावीत. थिनर, टर्पेंटाइन यांसारखे पेट घेणारे पदार्थ कोठेच नेऊ नयेत. याउलट पॉवर बँक हातच्या बॅगेतच हवी, पोटात जाणाऱ्या सामानात ती चालत नाही.

काजू आणि सुका मसाला नीट बांधून नेता येतो. कोकमाचे आगळ आणि लोणचे चेक-इन सामानात, गळणार नाही असे बांधून द्यावे. सुक्या खोबऱ्याबाबत विशेष सावध राहावे. त्यातील तेलामुळे ते पेट घेण्याचा धोका असतो, म्हणून २०२२ मध्ये चेक-इन सामानातही ते निषिद्ध ठरले. सुकी मासळी नेण्यापूर्वी कंपनीला विचारावे.

हातची बॅग ऐन दारात काढून घेतलीच, तर रोकड, दागिने, औषधे, पासपोर्ट, हिशेबाची कागदपत्रे आणि पॉवर बँक आधी काढून घ्यावीत. यासाठी या वस्तू एका लहान कापडी पिशवीत घालून ती बॅगेत सर्वांत वर ठेवावी. भरलेल्या पैशांची पावती आणि सामानाची चिठ्ठी मागून घ्यावी. अन्याय झाला असे वाटल्यास केंद्र सरकारच्या एअरसेवा या सोयीवर किंवा जिल्हा ग्राहक आयोगाकडे तक्रार करता येते. पावतीशिवाय मात्र बोलणे कठीण.

व्यापाऱ्याचा नियम

कुरआन शरीफमधील ८३ व्या सूरहचे नाव अल-मुतफ्फिफीन, म्हणजे मापात कमी देणारे. माप ही किती मोठी अमानत आहे, हे आपल्याला त्यातून शिकविले जाते. तिकीट हाही एक करारच आहे. आपण ७ किलोचे पैसे दिले आणि कोटाच्या खिशात दोन किलो लपवून नेले, तर आपल्या दुकानात सव्वा किलो उचलून एक किलोचे पैसे देणाऱ्या गिऱ्हाइकाला काय म्हणावे? कंपनीनेही तिचा काटा खरा ठेवला पाहिजे. आपल्या दुकानातल्या इलेक्ट्रॉनिक काट्याची दरवर्षी पडताळणी करून घ्यावी लागते. तीच सचोटी कंपनीकडून मागण्याचा आपल्याला हक्क आहे, पण आपले माप चोख असेल तेव्हाच तो ठामपणे मागता येतो.

म्हणून आमचे सांगणे थोडे आहे. प्रवासाच्या आदल्या रात्री बॅग भरून दुकानातल्या काट्यावर ठेवा आणि शिंप्याच्या टेपने तिन्ही बाजू मोजा. अर्धा किलो जागा मोकळी सोडा, कारण तुमचा आणि विमानतळाचा काटा अगदी सारखा असेलच असे नाही. माल जास्त असेल, तर जादा वजनाचे पैसे आधीच भरा. दारावर भरण्यापेक्षा ते बहुधा स्वस्त पडते. नाहीतर नमुने आठ दिवस आधी पोस्टाने पुढे पाठवा. हा खर्च मालाच्या किमतीत धरा, म्हणजे नफ्याचा हिशेब खोटा ठरणार नाही.

घरी काटा पाहणारा माणूस दारावर हुज्जत घालत नाही. तो वेळेवर पोहोचतो आणि त्याचा मालही धड पोहोचतो. अल्लाह तआला आपल्या रोजीत बरकत देवो.